माळावर बसून लांबच्या विजा ऐकायच्या कशा: तारेचं लूप, रेकॉर्डर आणि हिवाळ्यातली रात्र

ज्यांच्या घरी मिडियम वेव्हचा जुना रेडिओ होता किंवा अजून आहे त्यांनी हे ऐकलेलंच असणार. आकाशवाणी परभणी लावलंय, लांब क्षितिजावर वीज चमकली की त्याच क्षणाला रेडिओत कर्रर्र होतंय, गडगडाट मागून येतोय किंवा येतच नाही. ती कर्रर्र म्हणजे विजेतून निघालेली रेडिओ लहर, आपण तिला खरखर समजून बटण फिरवत आलो. हा लेख त्या खरखरीसाठीच आहे, म्हणजे निसर्गातल्या विद्युत-चुंबकीय लहरी मुद्दाम पकडायच्या कशा, ऐकायच्या कशा, रेकॉर्ड करून त्यातून काही रचना करायची असेल तर ती कशी, आणि हे सगळं मराठवाड्यात बसून, इथल्या बाजारात मिळणाऱ्या सामानात.

ऐकायचं नेमकं काय आहे

आपला कान साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकतो. विजेतून ज्या लहरी निघतात त्यांचा सगळ्यात जास्त जोर ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे आकडे आपल्या कानाचेच, पण ती हवेची थरथर नाही म्हणून कानाला लागत नाही. तिला तारेच्या वेटोळ्यात पकडलं, तिथला बारीकसा करंट वाढवला आणि हेडफोनला दिला की झालं. मधी कॉम्प्युटरची करामत काही नाही, सूर बदलायचा नाही, वेग बदलायचा नाही, जे आहे तेच ऐकू येतं. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

जगभरात दर सेकंदाला ४० ते ५० विजा होत असतात. त्यांच्या लहरी जमीन आणि वरचा आयनोस्फियर (वातावरणाचा उंचावरचा, विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पट्ट्यात आदळत-परतत हजारो किलोमीटर जातात, त्यामुळं आपल्याकडं आभाळ निरभ्र असलं तरी लूपमधी तडतड चालूच असते, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. याला स्फेरिक म्हणतात. दिवसा-रात्री कधीही ऐकू येतात.

दुसरा प्रकार ट्वीक, आणि आपल्याकडं खरी मजा यातच आहे. रात्री आयनोस्फियरचा खालचा, लहर शोषून घेणारा थर विरतो आणि पट्ट्याची उंची ८५ ते ९० किलोमीटर होते. एवढ्या उंचीच्या पट्ट्यातून आदळत-परतत जाणाऱ्या लहरीला साधारण १.७ किलोहर्ट्झच्या खाली पुढं सरकता येत नाही, आणि त्या आकड्याच्या जवळची लहर रेंगाळत येते. म्हणून नुसत्या चट ऐवजी "ट्यूं" असा घसरत खाली येणारा, शेवटी एका सुरावर अडकलेला आवाज येतो. वीज जितकी लांब तितकी शेपूट लांब. एकाच रात्रीत चट, ट्यूं, ट्यूंऽऽ असे सगळे मिसळून येतात आणि थोड्या सवयीनं कानालाच कळायला लागतं की ही जवळची, ही पार बंगालच्या उपसागराच्या पलीकडची.

तिसरा व्हिसलर. विजेची लहर पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला धरून वर अवकाशात जाते आणि दुसऱ्या गोलार्धात उतरते, वाटेत उंच सूर पुढं पळतात, खालचे मागं राहतात, म्हणून लांब उतरती शिट्टी ऐकू येते. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख बार्कहाउजेनला त्या ऐकू आल्या होत्या, आणि त्या येतात कुठून याचा उलगडा केंब्रिजच्या ओवेन स्टोरी या संशोधकानं १९५३ ला केला. भारतात गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथं व्हिसलर रेकॉर्ड झालेत. पण स्पष्ट सांगते, मराठवाडा चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळ आहे, इथं शिट्टीची आशा धरून थंडीत बसू नका. इंटरनेटवर उत्तरेकडच्या देशांतली रेकॉर्डिंग ऐकून लोक तसलंच काहीतरी शोधत बसतात आणि समोरचे ट्वीक ऐकायचे राहून जातात.

अजून एक, ते ७.८३ हर्ट्झचं "पृथ्वीचं स्पंदन" म्हणून जे फिरतं ते शूमान रेझोनन्स खरंच असतंय, पण ते कानाच्या आवाक्याच्या खाली आहे, त्यामुळं त्या नावानं डोकं शांत करायला म्हणून जे आवाज मिळतात त्यांचा आणि आपल्या कामाचा संबंध नाही. सूर्य ॐ म्हणतो ते व्हॉट्सअ‍ॅपवालं पण तसंच बाजूला ठेवा.

सगळ्यात मोठी अडचण आपली लाईट

१८७६-७७ च्या सुमाराला बॉस्टनमधी ग्रॅहम बेलचा असिस्टंट थॉमस वॉटसन रात्री टेलिफोनच्या टेस्टिंगच्या लाइनला कान लावून बसायचा आणि त्याला चटचट, किलबिल असे आवाज यायचे. ना अ‍ॅम्प्लिफायर ना काही, अर्धा मैल लोखंडी तार आणि एक रिसिव्हर. त्याला ते ऐकू आलं कारण तेव्हा गावात विजेच्या तारा नव्हत्या. आज तीच तार टाकली तर फक्त ५० हर्ट्झचा घूंऽऽ येईल आणि त्याच्यावर १००, १५०, २५० असे त्याचे भाऊबंद.

आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद करणारी वेधशाळा होती, मुंबईच्या ट्राम विजेवर जाणार म्हटल्यावर नोंदी खराब होतील म्हणून ते काम १९०४ ला अलिबागला हलवलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच लोकांना कळलं होतं की निसर्गाची लहर मोजायची असेल तर आपल्या विजेपासून लांब जावं लागतंय.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की माळावर जायच्या आधी घरातला आणि गावातला विजेचा आवाज नीट ओळखीचा करून घ्यायचा. जो घूं ओळखत नाही त्याला ट्यूं सापडत नाही, तो कुठल्यातरी चार्जरच्या किर्र आवाजाला अंतराळाचा आवाज म्हणून जपून ठेवतो. हे मी लय जणांचं बघितलंय.

पायरी १: रेडिओ

जुना रेडिओ काढा, मिडियम वेव्हवर स्टेशन नसलेली जागा शोधा, शक्यतो खालच्या टोकाला, साधारण ५४० किलोहर्ट्झकडं. घरातून फिरा. एलईडी बल्बजवळ न्या, फॅनच्या रेग्युलेटरजवळ न्या, मोबाईलच्या चार्जरजवळ न्या. एवढ्यानंच कळेल की घर किती भरलेलंय. मग संध्याकाळी गच्चीवर जाऊन ऐका. खर्च शून्य, अर्ध्या तासाचं काम.

पायरी २: छोटी कॉइल, आणि गावातून फेरी

जर्मन कलाकार क्रिस्टिना कुबिश २००४ पासून लोकांना खास हेडफोन घालून शहरात फिरवते, त्या हेडफोनमधी कॉइल असतात आणि एटीएम, दुकानाचे सेन्सर, ट्रामच्या तारा यांचे आवाज थेट ऐकू येतात. तिच्या या कामाला ती इलेक्ट्रिकल वॉक्स म्हणते. तसं काहीतरी आपल्याला पंपाच्या स्टार्टरमधल्या कॉइलनं करता येतंय.

वायंडिंगवाल्याकडं जा. तालुक्याच्या गावी मोटारी भरून देणारं दुकान असतंच. त्याच्याकडं स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल मागा, जळालेली नको, मीटर लावून काहीशे ओहम दाखवते का बघून घ्या. मधल्या पोकळीत लोखंडी बोल्ट घाला. दोन टोकांना शिल्डवाली केबल सोल्डर करा आणि दुसऱ्या बाजूला ३.५ एमएमचा जॅक, तो रेकॉर्डरच्या माइक इनपुटला. जुन्या ट्रान्झिस्टरमधली फेराइटची कांडी सापडली तर तिच्यावर बारीक तार ५०० ते १००० वेढे गुंडाळूनही तेच काम होतं.

आता फिरा आणि प्रत्येक गोष्टीचा आवाज नावासकट रेकॉर्ड करा. फॅनच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा घर्रर्र, फॅन हळू केला की अजून वाढतो. इन्व्हर्टरवर घर चालू असतानाचा खरबरीत घूं, तो महावितरणच्या घूंपेक्षा वेगळा असतो, एकदा ऐकला की विसरत नाही. इंडक्शन शेगडी, तिच्याजवळ आवाज आधीच कमी करून जा. वायफायची टिकटिक. ई-रिक्षात बसलात तर वेग वाढेल तसा चढणारा सूर. मोबाईल तर पाच-सहा वेगवेगळे आवाज काढतो, स्क्रीनचा वेगळा, नेटवर्क शोधतानाचा वेगळा.

डीपीच्या जवळ मात्र जायचं नाही. कुंपणाच्या आत हात नाही, काठीला कॉइल बांधून आत नाही, पंपाच्या उघड्या पेटीत पण नाही. आठ-दहा पावलं लांब उभं राहिलं तरी भरपूर ऐकू येतंय, जवळ जाऊन वेगळं काही मिळत नाही.

शेतातले दोन आवाज आवर्जून पाठ करा. एक झटका मशीन. रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून कुंपणाला लावतात ते, साधारण सेकंदाला एक असा ठोका देतं, आणि तो ठोका लूपमधी लय लांबून येतो, विजेच्या चटसारखाच. फरक एवढाच की वीज तालात पडत नाही. दुसरा सोलर पंप, दिवसभर त्याच्या कंट्रोलरची शिट्टी चालू असते, काही जण तिलाच व्हिसलर समजतात, पण ऊन उतरलं की ती बंद. म्हणून ज्या शिवारात सोलर पंप जास्त आणि वायरचे पंप कमी तिथं रात्री बसायला फार चांगलं.

पायरी ३: मोठं लूप

विजा ऐकायला लोक दोन प्रकारचे रिसिव्हर बनवतात. एक उभ्या अँटेनाचा, त्यात एफईटी ट्रान्झिस्टर, १० मेगाओहमचा रेझिस्टर, जमिनीत अर्थिंगची सळई, असं सर्किट लागतं, आणि झाडाखाली तो जवळपास बहिरा होतो. दुसरा नुसत्या लूपचा. मी लूपच करा म्हणेन, सर्किट नाही, बॅटरी नाही, बिघडायला काही नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते फिरवून घूं कमी करता येतो.

सामान: २६ गेजची इनॅमल वायंडिंग वायर, साधारण ३०० ग्रॅम, वायंडिंगवाला वजनावर देतो. वेळूच्या किंवा लाकडाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी पावणेपाच ते पाच फूट. चार-पाच मीटर शिल्डवाली माइकची केबल, जॅक, चिकटपट्टी, सुतळी.

पट्ट्यांचा मधोमध क्रॉस करा, खिळा लोखंडी एखादा चालतो पण पूर्ण फ्रेम लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची करायची नाही, बंद धातूची चौकट स्वतःच एक वेढा होऊन बसते आणि सिग्नल खाते. मधून मोजून एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत १४० सेंटिमीटर येतील अशा चार खाचा किंवा खुंट्या करा, म्हणजे चौकोनाची बाजू १ मीटर होते. त्यावर ५० वेढे. एका वेढ्याला ४ मीटर, म्हणजे २०० मीटर तार, ती त्या ३०० ग्रॅममधी बसते. एकाच दिशेनं गुंडाळायचं, मधीच उलटं नाही, आणि मोजणी दुसऱ्या माणसाला मोठ्यानं करायला सांगा कारण गुंडाळताना बोलणं झालं की आकडा जातोच. वेढे एकमेकांवर गेले तरी चालतंय. सगळं झालं की दर वीतभर अंतरावर चिकटपट्टीनं घट्ट बांधा.

घट्ट यावर जोर देते कारण लूप हललं की ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात हलतं आणि त्याचा वेगळा करंट तयार होतो, वाऱ्यात लूप थरथरलं की गुरगुर येते. ती खरी चुंबकीय क्षेत्राचीच गुरगुर आहे, ऐकायला छान पण आहे, पण सगळ्या रेकॉर्डिंगवर पसरली तर बाकीचं बुडतं.

टोकांवरचं इनॅमल ब्लेडनं किंवा काचपेपरनं पूर्ण खरवडा, तांब्याची चमक दिसेपर्यंत, नाहीतर सोल्डर वरवर बसतं आणि आत जोडच नसतो. मीटर लावल्यावर २० ओहमच्या आसपास दाखवायला पाहिजे. अनंत दाखवलं तर तार कुठंतरी तुटली किंवा इनॅमल राहिलं. केबलची आतली तार एका टोकाला, शिल्ड दुसऱ्या टोकाला. झालं लूप.

पायरी ४: रेकॉर्डर आणि सेटिंग

हातातला छोटा रेकॉर्डर, ज्याला माइक इनपुट आहे आणि हेडफोनचं भोक आहे, तो सगळ्यात चांगला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडं असतो, भाड्यानं किंवा ओळखीत मिळतो. त्यात चार गोष्टी बघायच्या. ऑटो लेव्हल बंद, कारण ते चालू असलं की प्रत्येक चटनंतर आवाज खाली-वर होत राहतो. माइकला पॉवर देणारं प्लग-इन पॉवर बंद, लूपला त्याची गरज नाही. लो-कट चालू, तेवढाच ५० हर्ट्झचा भार कमी. आणि एमपीथ्री नको, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

मोबाईलवर थेट जोडायचं असेल तर अडचणी आहेत. लूपचा रेझिस्टन्स इतका कमी की फोनला वाटतं कुणीतरी हेडफोनचं बटण दाबून धरलंय, शिवाय फोन बोलणं सोडून बाकीचे आवाज स्वतःच पुसून टाकतो, आणि आपल्याला नेमकं तेच पाहिजे असतं. ओटीजी केबलनं छोटं यूएसबी साउंड कार्ड लावलं आणि वेव्ह रेकॉर्ड करणारं अ‍ॅप घेतलं तर काम भागतं, फोन फ्लाइट मोडवर टाकून लूपपासून केबल पुरेल तेवढा लांब ठेवायचा. सुरुवातीला हे पुरेसं आहे, खर्चात पडू नका.

हेडफोन वायरचेच पाहिजेत. ब्लूटूथ म्हणजे कानातच एक ट्रान्समीटर लावून बसणं. आणि आवाज कमी ठेवा, जवळची वीज अचानक फार जोरात येते, कानाला इजा होऊ शकते.

पायरी ५: जागा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. मराठवाड्यात शेत म्हणजे शांतता असं वाटतं पण प्रत्येक विहिरीवर मोटार, बांधाबांधानं तारा, दर थोड्या अंतरावर डीपी. रब्बीत थ्री फेज रात्रीच्या पाळीला असली की ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायला अख्खं शिवार जागं असतं आणि लूपमधी घूंशिवाय काही नाही. म्हणून पहिलं काम, ज्या फीडरवर बसणार त्याची पाळी कोणत्या आठवड्यात दिवसाची आहे ते शेतकऱ्याला किंवा लाइनमनला विचारून घ्यायचं. लाईट गेली की गावात सगळे वैतागतात पण लूप लावून बसलेल्याला तीच संधी, घूं एकदम खाली बसतो आणि मागची तडतड समोर येते. तयारी करून ठेवलेली असावी, तेवढी वीस मिनिटं सोन्याची असतात.

मोठ्या टॉवरच्या हायटेन्शन लाइन मात्र कधी बंद नसतात. परळीच्या औष्णिक केंद्राच्या बाजूनं निघालेल्या लाइन बघा, त्यांच्यापासून काही किलोमीटर तरी लांब पाहिजे. रेल्वेलाइनवर वरची विजेची तार आली असेल तर तिचंही तसंच, तिचा परतीचा करंट रुळातून आणि जमिनीतून जातो त्यामुळं घूं फार लांबपर्यंत पसरतो.

चांगल्या जागा म्हणजे बालाघाटाची पठारं, कन्नडकडची अजिंठा डोंगररांग, किनवटकडचा जंगलाचा भाग, जिथं पंप नाहीत. पण गौताळा, येडशी-रामलिंग ही अभयारण्यं आहेत, रात्री आत थांबायला वन खात्याची परवानगी लागते, ती नसेल तर जायचं नाही. त्यापेक्षा आपल्याच पाहुण्यांचं डोंगराकडचं कोरडवाहू शेत बघा, जिथं विहीर नाही. उंचावरचीच जागा चांगली असं समजू नका, म्हैसमाळ उंच आहे पण तिथं टॉवर आहेत. लूपला उंची लागत नाही, फक्त तारांपासून अंतर लागतं. दोन गावांच्या शिवेवरचा खोलगट माळ पुष्कळदा डोंगरमाथ्यापेक्षा शांत निघतो.

जागा ठरवायला दिवसाच लूप घेऊन जा, थोडं थोडं चालत थांबून ऐका. घूं कुठं कमी होतो ते पायांनीच शोधावं लागतंय, नकाशावर कळत नाही.

पायरी ६: वेळ, आणि विजेची भीती खरी धरा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. आपल्याकडं ढग नसतात, थंडी असते, आणि दक्षिण गोलार्धात, इंडोनेशियाकडं पावसाळी विजांचा हंगाम असतो, त्या लहरी रात्री इथंपर्यंत येतात. दिवस मावळल्यावर दीड-दोन तासांनी ट्वीक सुरू होतात आणि उजाडायच्या आधी थांबतात. हुरड्याला शेतात मुक्कामी जाता तेव्हा लूप सोबत न्या. लातूर-धाराशिवकडं येळवसला घरदार शेतातच असतं, संध्याकाळी थोडं थांबून ऐकायला चांगला दिवस, अमावस्या असल्यानं लहरींना काही फरक पडत नाही पण तारे मात्र भरपूर असतात.

एप्रिल-मेमधी वळवाचे ढग येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधी परतीचा पाऊस, तेव्हा स्फेरिक इतके येतात की मोह होतो. मोह आवरा. मराठवाड्यात दरवर्षी विजेनं माणसं जातात, झाडाखाली बांधलेली जनावरं जातात, हे आपल्या सगळ्यांच्या गावात घडलेलंय. उघड्या माळावर तारेचं चौकट घेऊन उभा असलेला माणूस सगळ्यात उंच असतो. गडगडाट ऐकू आला की थांबायचं, लूप तिथंच टाकायचं, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं दामिनी अ‍ॅप फोनमधी ठेवा, जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते सांगतं. निघायच्या आधी बघा, मग फोन फ्लाइट मोडवर टाका, आणि मधून मधून चालू करून परत बघा.

रात्रीच्या बाकीच्या गोष्टी: एकटं जाऊ नका, शेतमालकाला सांगून जा, पायात बूट, बॅटरी पाहिजेच पण रेकॉर्डिंगच्या वेळी बंद, कारण एलईडी बॅटरी पण किर्र करते. कुठल्याही कुंपणाच्या तारेला हात लावायचा नाही, झटका मशीन समजून कुणी थेट लाइनचा करंट सोडलेला असेल तर जीव जातो.

पायरी ७: प्रत्यक्ष ऐकताना

लूप उभं धरा किंवा जमिनीत काठी रोवून तिला बांधा. रेकॉर्डर केबलभर लांब. हेडफोन लावून लूप हळूहळू उभ्या अक्षावर फिरवा, एका जागी घूं सगळ्यात बारीक होईल, तिथं थांबा. अजून थोडं तिरकं करून बघा, बऱ्याचदा तिरक्या कोनात जास्त फरक पडतो. मग लेव्हल अशी ठेवा की मोठी चट आली तरी फाटणार नाही, रेकॉर्डरचा लेव्हल मीटर साधारण उणे १२ डीबीच्या खाली खेळला पाहिजे.

लूपचं पातं ज्या दिशेला असतं त्या दिशेच्या विजा जास्त येतात. पूर्व-पश्चिम धरलं तर बंगालच्या उपसागराकडच्या आणि अरबी समुद्राकडच्या, उत्तर-दक्षिण धरलं तर दक्षिणेकडच्या. घूं कमी करायची दिशा आणि पाहिजे त्या विजांची दिशा एक आली नाही तर जागा बदला.

पहिली पंधरा मिनिटं रेकॉर्ड न करता नुसतं ऐका. कान आधी घूंलाच धरून बसतो, मग हळूहळू त्याच्या मागं जातो. नंतर दहा-दहा मिनिटांच्या फाइल करा आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला रेकॉर्डरच्या स्वतःच्या माइकवर वेगळी फाइल करून जागा, वेळ, लूपची दिशा, लाईट आहे का नाही हे बोलून ठेवा, कारण लूपला आपला आवाज ऐकू येत नाही. त्याच माइकवर त्या जागेचा साधा आवाज पण घ्या, रातकिडे, टिटवी, लांबचं कुत्रं, पाणी सोडणाऱ्याची हाक. पुढं रचना करताना ते लागतं.

पायरी ८: घरी आल्यावर

ऑडॅसिटी हे कॉम्प्युटरवर आवाज उघडून बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फाइल उघडून स्पेक्ट्रोग्रामवर टाका, म्हणजे आवाजाचं चित्र दिसतं, आडवी वेळ आणि उभी सुराची उंची. खालच्या बाजूला आडव्या रेघा म्हणजे आपली लाईट, ५० च्या पटीत. उभ्या बारीक रेघा म्हणजे स्फेरिक. उभ्या रेघेला खाली १.७ किलोहर्ट्झपाशी उजवीकडं वळलेली शेपटी दिसली की तो ट्वीक, एकदा दिसला की मग फाइलभर दिसायला लागतात. आणि अगदी वर १८.२ किलोहर्ट्झला एक सलग पट्टी दिसण्याची शक्यता आहे, ती तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मन या नौदलाच्या केंद्राची, पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश द्यायला ते ही लहर वापरतात. ती दिसली म्हणजे आपलं लूप चांगलं चाललंय असं धरायचं. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर करायला सांगितलं ते यासाठी पण.

फिल्टर लावायचा तर ५०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास, म्हणजे त्याच्या खालचं कापणारा, बस. नॉइज रिडक्शनचं बटण दाबू नका, ते स्फेरिकलाच नॉइज समजतं.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, त्यामुळं आपल्याकडं कुणालाही हे ऐकवलं की पहिला प्रश्न येतो, यातून भूकंप आधी कळतो का. नाही. यावर संशोधन होतंय, पण भूकंप आधी सांगणारी खात्रीची पद्धत अजून कुठंच नाही. लूपमधला कुठलाही आवाज ऐकून गावात काही बोलू नका, लोकांनी त्या दिवसात फार सोसलंय.

पायरी ९: रचना करायची असेल तर

अमेरिकन संगीतकार अल्विन ल्युसिए यांनी १९८१ ला कोलोरॅडोतल्या मोकळ्या जागी रात्री मोठी लूप लावून स्फेरिक रेकॉर्ड केले आणि ते रेकॉर्डिंग हीच रचना म्हणून दिली. मला ती दिशा पटते. ट्वीकवर घुमारा चढवायचा, मागं तंबोरा लावायचा, सूर खाली ओढून अवकाश-अवकाश वाटेल असं करायचं, याची काही गरज नाही, त्यानं आवाज भारी होत नाही, खोटा होतो.

पण मराठवाड्यातली रचना नुसत्या स्वच्छ ट्वीकची पण नको असं मला वाटतं. घूं पूर्ण काढून टाकला तर ते रेकॉर्डिंग कुठलंही असू शकतं. लाईट असतानाचा घूं, मग लाईट जाते तो क्षण, मग मागून वर येणारी तडतड आणि ट्यूं, मग परत लाईट येऊन सगळ्या मोटारी एकेक करून चालू होतात, ऑटो स्विच लावलेल्या आधी आणि हातानं चालू करायच्या नंतर. यात आपल्या शिवाराची रात्र जशीच्या तशी येते आणि एकही गोष्ट मिसळावी लागत नाही, फक्त योग्य आठवड्यात योग्य जागी पूर्ण वेळ रेकॉर्डर चालू ठेवावा लागतो. डाव्या कानात लूप आणि उजव्या कानात त्याच वेळचा साधा माइक असं ठेवलं तरी चांगलं होतं, एका बाजूला रातकिडे आणि एका बाजूला लांबच्या विजा, पण दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड केलेलं पाहिजे, नंतर जुळवलेलं नको.

लोकांना ऐकवताना हॉल-बिल नको, शेतातच ऐकवा. रेकॉर्डरच्या हेडफोन आउटला बॅटरीवरचा छोटा वायरचा स्पीकर लावा, तो लूपपासून चार-पाच मीटर लांब ठेवा नाहीतर त्याचं चुंबक आणि कॉइल परत लूपमधी शिरून कुईं करेल. आधी सांगून ठेवा की हा जो प्रत्येक चट आहे ती कुठंतरी पडलेली खरी वीज आहे. ज्या घरात विजेनं माणूस किंवा बैल गेलाय त्या घरच्यांना विचारूनच ऐकवा, त्यांना नको असेल तर नको. पोरं असतील तर लूप त्यांच्या हातात द्या आणि घूं कमी करून दाखवा म्हणा, फक्त द्यायच्या आधी खुंट्या आणि चिकटपट्ट्या परत एकदा दाबून बघा.